झाडाला चीवर, तलावात मासे आणि मामाजींचा आक्षेप

आयुष्मती ताई,
सप्रेम जय भीम.

आपले सविस्तर पत्र मिळाले. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून त्यातील मुख्य गोष्टी आधी सांगते. आपले गाव भंडारा जिल्ह्यात एका मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावाच्या काठी आहे आणि विहाराच्या महिला मंडळाच्या आपण सचिव आहात. येत्या बुद्धपौर्णिमेला मंडळाने तीन कार्यक्रम योजले आहेत: बाजारातून मुनिया, पोपट आणि जिवंत मासे विकत आणून त्यांना ‘जीवदान’ देणे, रस्ता रुंदीकरणासाठी लाल रंगाचे पट्टे मारलेल्या, तलावाच्या पाळीवरच्या (बांधावरच्या) सात जुन्या झाडांना थायलंडमध्ये करतात तसे चीवर, म्हणजे भिक्खूंचे वस्त्र, गुंडाळणे, आणि गावभर पिंपळाची १०८ रोपे लावणे. आपले मामाजी, जे १९५६ साली वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेले होते, त्यांचा या सगळ्याला ठाम विरोध आहे. बाबासाहेबांनी आपल्याला कर्मकांडातून बाहेर काढले आणि तुम्ही दुसऱ्या देशातले कर्मकांड उचलून आणता, असे ते म्हणतात. बौद्ध विधी आणि निसर्गरक्षण यांचा मुळात काही संबंध आहे, की तो आपणच ओढूनताणून लावतो आहोत, असा आपला शेवटचा प्रश्न आहे.

आधी माझे मत स्पष्ट सांगते. पहिला कार्यक्रम पूर्ण रद्द करा. दुसरा पुढे ढकला आणि त्याचे स्वरूप बदला. तिसरा अवश्य करा, पण तारीख बदला आणि केवळ पिंपळ लावू नका. मामाजींचा आक्षेप मला अर्धा पटतो, आणि तो अर्धा भाग इतका महत्त्वाचा आहे की बाकीचे उत्तर मी त्याच्याच आधाराने देणार आहे.

संबंध आहे का, तर आहे, आणि तो जुना आहे. विनयपिटकात, म्हणजे भिक्खुसंघाच्या नियमांच्या ग्रंथात, भिक्खूंना झाडेझुडपे तोडण्यास मनाई करणारा नियम आहे, जमीन खणण्याविषयी आहे, ज्या पाण्यात जीव आहेत हे माहीत आहे ते पाणी वापरण्याविषयी आहे. म्हणूनच पाणी गाळण्याचे फडके हे भिक्खूच्या मोजक्या वस्तूंपैकी एक मानले गेले. वर्षावासाची कथा तर आपल्याला ठाऊकच असेल. शाक्यपुत्र श्रमण पावसाळ्यातही हिंडतात, हिरवे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव मारतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि तथागतांनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. झाड तोडण्याच्या नियमामागेही लोकांचाच आक्षेप आहे. आळवीच्या भिक्खूंनी झाडे तोडली तेव्हा लोक नाराज झाले, कारण झाडात जीव आहे असे ते मानत होते. आणि नियम घालताना तथागतांनी लोकांच्या त्याच समजुतीचा उल्लेख केला. झाडात कोणी देवता राहते यावर आपला विश्वास असो वा नसो, या नियमाला त्याची गरज पडत नाही. मामाजींना ही गोष्ट जरूर सांगा.

मात्र ओढूनताणून संबंध लावण्याचा मोह टाळा. करणीयमेत्तसुत्तातील ‘तसा वा थावरा वा’ या शब्दांतील ‘थावर’ म्हणजे झाडे, असे काही जण भाषणांत सांगतात. अट्ठकथेत, म्हणजे त्यावरील जुन्या पाली टीकेत, तो अर्थ नाही; तिथे थावर म्हणजे तृष्णा आणि भय संपलेले अर्हत. आपल्याकडे पुरेशी खरी वचने असताना डळमळीत वचनावर इमारत उभी करू नये, कारण ते वचन कोणी खोडून काढले की सगळ्या कामावरचाच विश्वास उडतो.

या विनयनियमांत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, ती अशी की यांतला प्रत्येक आचार माणसाला नंतर काहीतरी करायला लावतो: थांबायला, गाळायला, हात आवरायला. मामाजी ज्याला कर्मकांड म्हणतात, त्यात विधी आटोपला की कोणावर काहीही उरत नाही. आपल्या तिन्ही कार्यक्रमांना मी हाच प्रश्न लावते आहे: दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या डोक्यावर कोणते काम उरते?

जीवदानाच्या बाबतीत उत्तर असे आहे की आपल्यावर काहीच उरत नाही आणि सगळा भार त्या मुक्या जिवांवर पडतो. पोपट आणि मुनिया पिंजऱ्यात जन्मत नाहीत. कोणीतरी जाळे लावून ते पकडतो, आणि सोडण्यासाठी गिऱ्हाईक आहे असे कळले की तो आणखी पकडतो. पकडताना आणि आणताना जे मरतात ते आपल्या कार्यक्रमात दिसत नाहीत. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हे पक्षी पकडणे आणि विकणे हा गुन्हा आहे, त्यामुळे ते विकत घेऊन आपण त्या गुन्ह्यालाच पैसे पुरवू. आपल्या भागात अशी विक्री चालत असेल तर वन विभागाला कळवणे हेच त्या पक्ष्यांसाठी खरे जीवदान आहे. पूर्व आशियातील अनेक देशांना या प्रथेचा त्रास झाला आहे. लाल कानपट्टीचे अमेरिकन कासव तिथल्या तळ्यांत पसरण्यामागे पाळून कंटाळलेल्या लोकांइतकाच पुण्यासाठी कासवे सोडणाऱ्यांचाही हात आहे, आणि सिंगापूरमध्ये वेसाकच्या, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेच्या, सुमारास जलाशयांवर मुद्दाम गस्त घालून प्राणी सोडू नका असे सांगावे लागते.

माशांचे तर अधिकच गंभीर आहे. बाजारात जिवंत मिळणारा मासा बहुधा चिलापी किंवा थाई मांगूर असतो, आणि थाई मांगुराच्या पैदाशीवर आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे, कारण तो इतर माशांना खाऊन संपवतो. असा मासा मामा तलावात शिरला तर मरळ, शिंगी यांसारख्या आपल्या माशांचे काय होईल, हे गावातल्या ढीवर बांधवांना विचारा. तलावावर त्यांची उपजीविका चालते. त्यांना न विचारता त्यात काहीही सोडणे हा करुणेच्या नावाखाली दुसऱ्याच्या ताटात हात घालण्याचा प्रकार होईल.

चीन आणि आसपासच्या देशांत जीव सोडण्याच्या या प्रथेला आधार म्हणून सुवर्णप्रभाससूत्रातील जलवाहनाची कथा सांगतात. ती कथा मला अतिशय प्रिय आहे. जलवाहन हा वैद्याचा मुलगा. वाटेत त्याला आटत चाललेले तळे दिसते आणि त्यात तडफडणारे दहा हजार मासे. तो आधी झाडाच्या फांद्या तोडून त्यांच्यावर सावली करतो, मग पाणी कुठे अडले ते शोधत जातो, राजाकडून वीस हत्ती मागून आणतो, पखालींतून पाणी वाहून तळे भरतो आणि माशांना खायलाही घालतो. ही कथा मी जितक्या वेळा वाचली तितक्या वेळा हेच जाणवले की जलवाहनाने एकही मासा विकत घेतला नाही आणि एकही मासा कुठे सोडला नाही. त्याने पाणी आणले.

आता आपल्या तलावाकडे पाहा. कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिलेले हे तलाव मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यात होते, मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ काढणे, पाळ सांभाळणे, पाणी येण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे ही पूर्वी गावाने मिळून करायची कामे हळूहळू कोणाचीच राहिली नाहीत. आपल्या पत्रात तलावात बेशरमाची झुडपे माजल्याचा उल्लेख आहे. माशांसाठी ठेवलेले पैसे आणि बुद्धपौर्णिमेची सकाळ ती बेशरम मुळासकट उपटण्यासाठी द्या, आणि ढीवर बांधवांना सोबत बोलवा. कोणती पाणवनस्पती माशांच्या अंड्यांसाठी राखायची आणि कोणती काढायची, हे ते आपल्यापेक्षा कितीतरी चांगले सांगतील.

चीवर गुंडाळण्याच्या विधीविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण आपण त्याची केवळ चित्रफीत पाहिली आहे. थायलंडमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला निम्म्याहून अधिक भूभागावर जंगल होते. १९८० चे दशक सरेपर्यंत ते ३० टक्क्यांच्या खाली आले. नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिणेत महापूर आला, उघड्या डोंगरांवरून दरडी आणि तोडलेले ओंडके गावांवर कोसळले, शेकडो माणसे गेली, आणि १९८९ च्या जानेवारीत सरकारला नैसर्गिक जंगलातील तोड बंद करावी लागली. याच सुमारास उत्तरेकडील फयाओ प्रांतातील फ्रा ख्रू मानस नतीपिताक या भिक्खूंनी झाडाला चीवर गुंडाळण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली, आणि शेजारच्या नान प्रांतात फ्रा ख्रू पिताक नंताखुन यांनी ती पुढे नेली. चीवर नेसलेल्या झाडावर कुऱ्हाड चालवणे म्हणजे भिक्खूवर हात उचलणे, ही तिथल्या माणसाच्या मनातील भावना त्यांनी कामाला लावली.

तिथल्या भिक्खूंपैकीही काहींनी मामाजींसारखाच आक्षेप घेतला होता, आणि त्याला विनयाचा आधार आहे. एका नागाने माणसाचे रूप घेऊन उपसंपदा (भिक्खू होण्याची दीक्षा) मिळवली आणि झोपेत त्याचे खरे रूप उघडे पडले, अशी कथा विनयपिटकातील महावग्गात आहे; तेव्हापासून उपसंपदेच्या वेळी ‘मनुस्सोसि?’, म्हणजे तू मनुष्य आहेस ना, असा प्रश्न विचारला जातो. नागालाही जे नाकारले गेले ते झाडाला कसे मिळेल? विधी करणाऱ्या भिक्खूंनाही हे ठाऊक होते. झाड भिक्खू होत नाही. गावाने जंगल राखण्याचे व्रत घेतले, याची ती खूण असते. नानमधील विधीत गावप्रमुखांनी परित्राणपाठाचे (रक्षणासाठी म्हटलेल्या सुत्तांचे) पाणी सर्वांसमोर प्यायले आणि जंगल राखण्याचा शब्द दिला. तेव्हाच्या फलकावर लिहिले होते की जंगलाचा नाश म्हणजे जीवनाचा नाश. त्यात जीवनासाठी वापरलेला थाई शब्द ‘चात’ पालीतील ‘जाति’वरून आला आहे आणि त्याचा अर्थ जन्म, जीवन आणि राष्ट्र असा तिन्ही होतो. तोच शब्द आपल्या भाषेत कुठे जाऊन पोचला हे आपण आणि मी जन्मापासून जाणतो.

तो फलक आणि ते पाणी हा त्या विधीचा प्राण आहे. चित्रफितीत मात्र फक्त केशरी कापड दिसते. पुढे १९९६ मध्ये तिथल्या राजाच्या राज्यारोहणाला ५० वर्षे झाली त्या निमित्ताने ५ कोटी झाडांना चीवर देण्याची मोहीम निघाली, सरकारी खातीही असे विधी करू लागली, आणि जिथे गावाचा शब्द नव्हता तिथे कापड विटून गेले. शब्द पाळण्याची किंमतही मोजावी लागली. बुरीराम प्रांतात जंगल वाचवणारे भिक्खू फ्रा प्राचक यांना १९९१ मध्ये अटक झाली. त्याउलट, कंबोडियात भिक्खू बुन सालुथ यांनी २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन सुमारे १८,२६१ हेक्टर जंगलावर पाळत ठेवली, त्याची सीमा आखली, सरकारकडून त्याला मान्यता मिळवली, आणि २०१० मध्ये त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. झाडांना चीवर तिथेही आहे. सोबत गस्त, नकाशा आणि कागदही आहेत.

आता आपल्या सात झाडांविषयी. थायलंडमध्ये चीवराचा धाक चालतो, कारण झाड राखणारा आणि तोडणारा दोघेही त्या चीवरापुढे वाकतात. आपल्या गावात बौद्ध वस्ती लहान आहे, पाळीवरची झाडे सगळ्या गावाची आहेत, आणि आपण लिहिले आहे की त्यांतल्या मोहाच्या झाडाला गोंड कुटुंबे मानतात. अशा ठिकाणी विहाराने एका सकाळी सातही झाडांना चीवर गुंडाळले तर उरलेल्या गावाला ते झाडांचे रक्षण वाटणार नाही, जागेवरचा दावा वाटेल. मग भांडण झाडांवरून न होता जातीवरून होईल, आणि त्या भांडणात झाडे सर्वांत आधी जातील. म्हणून आधी ग्रामसभा. झाडे तोडण्याची परवानगी कोणी आणि कोणत्या आदेशाने दिली, त्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. रस्ता थोडा वळवून किती झाडे वाचतात, हे गावातील एखाद्या ओव्हरसियरकडून मोजून घ्या. जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीची जी समिती असते, तिच्या नोंदवहीत ही सातही झाडे वयासह आणि उपयोगासह लिहून घ्या. ग्रामसभेने ठराव केला तर त्यानंतर झाडांखाली एकत्र जमा. आपण त्रिसरण-पंचशील आणि मंगलमैत्री म्हणा, गोंड कुटुंबांना त्यांच्या रीतीने पूजा करू द्या, आणि सरपंचांनी तो ठराव मोठ्याने वाचावा. कापड गुंडाळायचे ठरलेच तर ते सुती आणि सैल असावे, रंग सगळ्यांनी मिळून ठरवावा, आणि झाडाला एकही खिळा ठोकू नये.

तिसऱ्या कार्यक्रमाविषयी मला सर्वांत अधिक आशा आहे, म्हणून त्याची तारीख बदलण्याचा आग्रह धरते. बुद्धपौर्णिमा वैशाखात येते. आपल्याकडे तेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, आणि त्या उन्हात लावलेले रोप फोटोत हिरवे दिसते व महिन्याभरात काडी होते. मी स्वतः अनेक वर्षांपूर्वी एका वैशाखी पौर्णिमेला मोठ्या उत्साहाने रोपे लावण्यात सामील झाले होते आणि त्यांतले एकही आज उभे नाही. ते दुःख अजून मनात आहे. वास्तविक आपल्या परंपरेनेच यासाठी वेळापत्रक देऊन ठेवले आहे. बुद्धपौर्णिमेला खड्डे खणून त्यांत शेणखत भरा आणि कोणत्या घराने कोणते झाड सांभाळायचे ते ठरवा. आषाढी पौर्णिमेला, जेव्हा पाऊस स्थिरावलेला असतो आणि वर्षावास सुरू होतो, तेव्हा रोपे लावा. वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होतेच, वाचनाला येताना ज्याने त्याने आपले झाड पाहून यावे, कुंपण नीट करावे, गुरांनी खाल्ले असेल तर तसे सांगावे. आणि अश्विन पौर्णिमेला पवारणा येते. त्या दिवशी भिक्खू एकमेकांना विनंती करतात की माझ्या हातून काही चुकल्याचे तुम्ही पाहिले, ऐकले किंवा तुम्हाला शंका आली असेल, तर मला सांगा: ‘दिट्ठेन वा सुतेन वा परिसङ्काय वा’. उपासकांनीही त्या दिवशी झाडाझाडापाशी जाऊन किती जगली, किती मेली आणि का, हे उघड मोजावे. त्यानंतर खरी परीक्षा उन्हाळ्याची, तेव्हा पाण्याची पाळी आधीच लावून ठेवा.

शिवाय १०८ पिंपळ नकोत. पिंपळाला मोठी जागा लागते. घराच्या, विहिरीच्या, विहाराच्या भिंतीजवळ लावला तर त्याची मुळे बांधकामाच्या पायात शिरतात आणि आपण लावलेले झाड आपल्याच मुलांना तोडावे लागते. दीघनिकायातील महापदानसुत्तात सात बुद्धांचे सात वेगळे बोधिवृक्ष सांगितले आहेत. गोतम बुद्धांचा अश्वत्थ, कस्सप बुद्धांचा वड, कोणागमन बुद्धांचा उंबर, ककुसंध बुद्धांचा शिरीष, विपस्सी बुद्धांचा पाटली म्हणजे आपली पाडळ. विदर्भाच्या मातीत ही सगळी झाडे येतात. गावात दोन-तीन पिंपळ, तलावाच्या काठाला उंबर, मोकळ्या जागी वड, रस्त्याकडेला शिरीष अशी पन्नासच रोपे लावा, पण ती जगवा. उंबराला फळ धरले की महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल आपणहून येईल. त्याला पिंजऱ्यातून आणून सोडावे लागणार नाही. संयुत्तनिकायातील वनरोपसुत्तात वने लावणाऱ्यांचे, पूल बांधणाऱ्यांचे, पाणपोया घालणाऱ्यांचे पुण्य ‘दिवा च रत्तो च’, रात्रंदिवस वाढते असे म्हटले आहे. मी त्याचा अर्थ असा घेते की लावलेले झाड रात्रंदिवस वाढत असेल तेव्हाच तसे म्हणता येते.

विहारातील रोजच्या वंदनेविषयी आपण जाता जाता विचारले आहे, त्याचे उत्तर थोडक्यात देते. प्लॅस्टिकची फुले आणि थर्माकोलची सजावट बंद करा. पुष्पपूजेच्या गाथेत आपण म्हणतो, ‘पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं’. हे फूल जसे कोमेजते तसा हा देहही नाश पावतो. जे फूल कोमेजतच नाही ते हाती धरून ही गाथा म्हणताच येणार नाही. विहाराच्या अंगणात चाफा आणि जास्वंद लावली तर फुले विकत आणावी लागणार नाहीत. एखादे फूल कमी असले तरी वंदनेत उणे काही राहत नाही.

धानाची तणस जाळण्याविषयीही मंडळात एकदा बोला. सम्राट अशोकांनी राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात जीवजंतू असलेला भुसा जाळू नये, विनाकारण वनांना आग लावू नये, आणि पौर्णिमेच्या ठराविक दिवसांत मासे मारू वा विकू नयेत असे सांगितले आहे. उपोसथाचे (पौर्णिमा-अमावस्येसारखे व्रताचे) दिवस जिवांच्या रक्षणाशी जोडण्याची कल्पना बावीसशे वर्षांहून जुनी आहे, ती आपल्याला दुसऱ्या कोणाकडून आणावी लागत नाही.

मामाजींशी वाद घालू नका, ताई. ते ज्या पिढीचे आहेत त्या पिढीने विधीच्या नावाखाली काय काय सोसले आहे, हे त्यांच्या आक्षेपामागे आहे, आणि त्या सावधपणाची मंडळाला गरज आहे. बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची जी प्रतिज्ञा आहे ती त्यांना तोंडपाठ असेलच. त्यांना फक्त एक वही द्या. आषाढी पौर्णिमेला लावलेल्या प्रत्येक रोपाची जागा, जात आणि सांभाळणाऱ्या घराचे नाव त्यांनी आपल्या हाताने लिहावे, आणि अश्विन पौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर ती वही उघडून पहिला प्रश्न त्यांनीच विचारावा. रोपांची यादी झाली की मलाही कळवा. पाडळीची रोपे मिळायला वेळ लागतो, म्हणून वन विभागाच्या रोपवाटिकेत आताच नाव नोंदवून ठेवा.